विजापूरची राजधानी आणि आंदणात गेलेले सोलापूर

प्रतिवर्षी आपल्या ज्ञातीच्या स्मरणिकेत एखादा इतिहासविषयक लेख असावा, असा संपादक मंडळाचा आग्रह असतो. या वर्षी तो भार त्यांनी आमच्यासारख्या निवृत्त शिक्षकावर टाकला आहे. आम्ही संशोधक नव्हे. आमचे शिक्षण जुन्या मॅट्रिकपर्यंतचे. त्यावर अध्यापनाचा अभ्यासक्रम पुरा करून आयुष्याची छत्तीस वर्षे आम्ही खडू आणि फळा यांच्या सहवासात घालविली. तेव्हा ताम्रपट व शिलालेख वाचून नवा सिद्धान्त मांडण्याचा आमचा अधिकार नाही. परंतु जे शिकविले ते उतारवयात प्रत्यक्ष पाहिले, आणि पाहिल्यावर आपल्या शिकवण्यातील एक उणीव ध्यानात आली, एवढे प्रांजळपणे सांगण्याचा अधिकार शिक्षकास असावा, असे वाटते.

सोलापूरपासून विजापूर सुमारे शंभर किलोमीटर. त्या शहराचे अधिकृत नाव २०१४ च्या नोव्हेंबरपासून विजयपुरा असे झाले असले, तरी आपल्या तोंडी विजापूर हेच रुळले आहे. आम्ही छत्तीस वर्षे नकाशावर छडी ठेवून "ही पाहा आदिलशाहीची राजधानी" असे सांगत आलो. दिल्ली-आग्रा पाहून आलो, काशीयात्रा झाली. पण सकाळी जाऊन रात्री घरी जेवावयास परत येता येईल इतक्या जवळची ही राजधानी मात्र पाहिली नव्हती. काखेत कळसा अन् गावाला वळसा म्हणतात तो हाच. अखेर गेल्या मार्गशीर्षात आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या, "अहो, दुसऱ्यांच्या मुलांना इतकी वर्षे दाखवलंत, आता मला तरी दाखवा." तो शब्द आम्हांस लागला, आणि दुसऱ्याच दिवशी कडक भाकरी, शेंगाचटणी व दह्याचा डबा बरोबर घेऊन आम्ही उभयता निघालो.

होटगीहून विजापूरमार्गे गदगकडे जाणारा लोहमार्ग एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील आहे. आमच्या लहानपणी तो मीटर मापाचा होता. पुढे त्याचे रुंदीकरण झाले. होटगी मागे पडले की काळी जमीन, ज्वारीची ताटे आणि मधूनमधून तुरीचे पट्टे दिसू लागतात. भीमा ओलांडली की आपण कर्नाटकात येतो. परंतु माती तीच, ज्वारी तीच, आणि डब्यात बसलेली माणसेही कानडी व मराठी यांची सरमिसळ करून बोलणारी. १ नोव्हेंबर १९५६ पूर्वी हा जिल्हा आपल्याच मुंबई राज्यात होता, आणि आमच्या वडिलांच्या पिढीस विजापूर परमुलखात आहे असे कधी वाटले नव्हते. स्टेशन जवळ आले की खिडकीतून एक प्रचंड घुमट दिसू लागतो, आणि डब्यातील लहान मुले "गोल घुमट, गोल घुमट" म्हणून उठून उभी राहतात. खरे सांगावयाचे तर आम्हीही उभे राहिलो.

वाचकांच्या सोयीसाठी या राजधानीचा इतिहास प्रथम थोडक्यात सांगतो. बहमनी राज्य खिळखिळे झाल्यावर युसुफ आदिलखान याने १४९० च्या सुमारास येथे स्वतंत्र सत्ता स्थापिली. त्याच्यानंतर सुमारे दोनशे वर्षे त्याच्या वंशजांनी येथून राज्य केले. अहमदनगरची निजामशाही, गोवळकोंड्याची कुतुबशाही, वऱ्हाडची इमादशाही आणि बीदरची बरीदशाही या तिच्या भगिनी म्हणाव्या तर भगिनी, वैरिणी म्हणाव्या तर वैरिणी. १५६५ च्या जानेवारीत तालिकोटच्या रणांगणावर विजयनगरचा पराभव झाला आणि विजापूरच्या वैभवास भरती आली. शहराभोवतीचा सुमारे दहा किलोमीटर परिघाचा तट पहिल्या अली आदिलशहाच्या कारकीर्दीतला. पुढे शहाजीराजे याच दरबारचे सरदार झाले, आणि १६५९ साली शिवाजीमहाराजांवर अफजलखान निघाला तोही येथूनच. अखेर १६८६ च्या सप्टेंबरात औरंगजेबाने ही राजधानी जिंकली आणि शेवटचा सुलतान सिकंदर आदिलशहा त्याचा बंदी झाला.

गोल घुमट म्हणजे महंमद आदिलशहाची कबर. त्याची कारकीर्द १६२७ ते १६५६. वास्तूच्या आत पाऊल टाकताच माणूस आपोआप हळू बोलू लागतो. आत एकही खांब नाही. अठरा हजार चौरस फुटांहून अधिक जागेवर एकच छत, आणि त्या घुमटाचा आतील व्यास सुमारे ३८ मीटर! एवढा भार खांबाविना तोललेला कसा, हे आम्ही मान वर करून बराच वेळ पाहत होतो. चारी भिंतींतून निघालेल्या कमानी वर जाऊन एकमेकींस छेदतात, चौकोनाचे हळूहळू वर्तुळ होते, आणि घुमटाचा भार आत कलून भिंतींवर विसावतो. भूमितीच्या तासाला दोन चौकोन एकमेकांत तिरपे बसवून अष्टकोनी तारा काढावयास आम्ही शिकवीत असू. तो तारा येथे दगडचुन्यात उभा आहे. कोपऱ्यांतील सात मजली मनोऱ्यांपैकी एकातून जिन्याने वर गेले की घुमटाच्या आतील सज्जा लागतो. तेथे भिंतीशी तोंड नेऊन कुजबुजलेला शब्द समोरच्या बाजूस स्पष्ट ऐकू येतो, आणि मोठ्याने उच्चारलेला अनेकदा परत येतो. आम्ही सकाळी लवकर गेलो म्हणून हे अनुभवता आले. शाळांच्या सहली आल्यावर तेथे आरोळ्यांवाचून दुसरे काही ऐकू येत नाही. खाली चौथऱ्यावर सुलतान व त्याचे कुटुंबीय यांच्या कबरींबरोबर रंभा नावाच्या नर्तकीचीही कबर दाखवितात. राजवंशाच्या पंक्तीत एका नर्तकीस जागा मिळाली, याचे आमच्या सौभाग्यवतींस मोठे नवल वाटले.

तेथून शहराच्या पश्चिमेस तटाच्या बुरुजावर ठेवलेली मलिक-ए-मैदान तोफ पाहिली. 'रणांगणाचा स्वामी' असा या नावाचा अर्थ. ही तोफ १५४९ साली अहमदनगरास महंमद बिन हसन रूमी या कारागिराने ओतली. लांबी चौदा फुटांहून अधिक, वजन सुमारे ५५ टन. तोफेचे तोंड सिंहाच्या जबड्यासारखे घडविले असून त्या जबड्यात हत्ती सापडलेला दाखविला आहे. ही तोफ पुढे आपल्या परंड्याच्या किल्ल्यावर होती आणि १६३२ साली तेथून विजापुरास आणली गेली. इंग्रजी अमलात, १८५४ साली, हिचा लिलाव पुकारला तेव्हा बोली आली अवघी दीडशे रुपयांची! सुदैवाने ती विक्री रद्द झाली, म्हणून आज ती आपणांस पाहावयास मिळते. ज्या तोफेच्या धाकाने राज्ये हलत होती तिचे मोल पुढे मोडीच्या भावाने व्हावे, यापरते काळाचे दुसरे उदाहरण कोणते द्यावे?

तटाबाहेर इब्राहिम रोजा आहे. आकाराने तो गोल घुमटापुढे लहान, पण सौंदर्याने आमच्या मते त्याहून सरस. दुसरा इब्राहिम आदिलशहा आणि त्याची राणी ताज सुलताना येथे चिरनिद्रा घेत आहेत. दगडात कोरलेली जाळी म्हणजे अक्षरांचीच गुंफण. ही वास्तू ज्याच्या देखरेखीखाली झाली त्या मलिक संदलचे नाव येथील लेखात कोरलेले आहे, हे पाहून समाधान वाटले. कारण बांधणाऱ्याचे नाव दगडावर राहण्याचे भाग्य फार थोड्यांच्या वाट्यास येते. हा इब्राहिम (१५८० ते १६२७) संगीताचा मोठा भोक्ता. त्याने दखनी भाषेत 'किताब-ए-नवरस' हा गीतांचा ग्रंथ रचला. त्यात सरस्वतीचे स्तवन आहे, आणि प्रजा त्यास 'जगद्गुरू' म्हणत असे. त्याचा आजा पहिला इब्राहिम याने महसुलाचे हिशेब फारसी सोडून येथील लोकांच्या भाषेत ठेवावयास लावले आणि त्यामुळे कारकुनीत येथील माणसांचा शिरकाव झाला. आम्ही वर्गात आदिलशाही म्हणजे शत्रूचे राज्य एवढेच सांगत आलो. शिवरायांचा तिच्याशी झगडा झाला हे सत्यच आहे. परंतु त्या राज्याच्या दफ्तरात आपली माणसे आपल्या भाषेत आकडे लिहीत होती, हेही सत्य आहे. दोन्ही सत्ये विद्यार्थ्यांस सांगावयास हवी होती. आम्ही एकच सांगितले.

परंतु ज्या उणिवेचा उल्लेख आरंभी केला ती याहून निराळी आहे. ती आम्हांस उमगली चांद बावडीच्या पायऱ्यांवर.

विजापूरच्या सुलतानांनी पाण्याची व्यवस्था फार दूरदृष्टीने केली होती. दूरच्या तोरवीहून आणि बेगम तलावातून भूमिगत मार्गाने पाणी येई. नळांतील पाण्याचा दाब कमी व्हावा म्हणून ठिकठिकाणी उंच दगडी मनोरे बांधीत, त्यांस 'गंज' म्हणत. शिवाय शहरात मोठमोठ्या विहिरी. त्यांपैकी ही चांद बावडी पहिल्या अली आदिलशहाने १५७९ साली आपल्या राणीच्या नावाने बांधली. ही राणी म्हणजे अहमदनगरच्या हुसेन निजामशहाची कन्या, इतिहासप्रसिद्ध चांदबिबी. कठड्याशी उभे राहून आम्ही सौभाग्यवतींस म्हणालो, "हिच्याच लग्नात आपले सोलापूर आंदण दिले होते."

हा प्रसंग मुळापासून सांगितला पाहिजे. विजापुरातच राहून इतिहास लिहिणारा फेरिस्ता याने तो नोंदविला आहे. १५२४ साली सोलापुरातच उभय सुलतानांची भेट होऊन इस्माईल आदिलशहाची बहीण मरियम हिचा विवाह अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाशी झाला. लग्नाच्या बोलीत सोलापूरचा किल्ला आंदण म्हणून द्यावयाचे ठरले होते, असे निजामशाहीचे म्हणणे. आपण असे वचन दिलेच नाही, असे आदिलशाहीचे म्हणणे. वर्ष उलटते न उलटते तोच मेहुण्या-मेहुण्यांत लढाई जुंपली आणि निजामशहा हरला. तरीही मागणी सुटली नाही. पुढे १५५२ च्या सुमारास विजयनगरच्या रामरायाचे साहाय्य घेऊन बुऱ्हाणाने सोलापूर जिंकून घेतलेच. त्यानंतर १५६४ साली विजयनगरविरुद्ध एकजूट करावयाची ठरली, तेव्हा चांदबिबी अली आदिलशहास दिली आणि तिच्याबरोबर तोच सोलापूरचा किल्ला आंदण म्हणून विजापुरास परत आला. त्याच वेळी अलीची बहीण अहमदनगरच्या राजपुत्रास दिली. म्हणजे एका किल्ल्यापायी सासर-माहेर चाळीस वर्षे एकमेकांच्या जिवावर उठले होते, आणि तो कलह मिटविण्यासही पुन्हा लेकीच पुढे कराव्या लागल्या.

त्याने तरी शांतता लाभली काय? भातवडीच्या लढाईनंतर मलिक अंबर विजापुरावर चालून आला आणि त्याने सोलापूर घेतले. १६३६ च्या तहाने ते पुन्हा आदिलशाहीत गेले. १६६८ च्या तहाने ते मोगलांस दिले गेले. १८१८ च्या मे महिन्यात ते इंग्रजांनी पेशव्यांच्या फौजेकडून जिंकले. सिद्धेश्वर तलावाच्या काठचा आपला भुईकोट, जेथे आपण मुलांना बागेत खेळावयास नेतो, तो असा हातोहात फिरलेला आहे.

आता ती उणीव. पुष्कळ वर्षांपूर्वी सातवीच्या वर्गात आम्ही हीच आंदणाची गोष्ट सांगत होतो. पुस्तकात ती नव्हती; मुलांस गंमत वाटावी म्हणून सांगत असू. मागच्या बाकावरून आपल्याच ज्ञातीतील एक मुलगी उभी राहिली आणि तिने विचारले, "गुरुजी, किल्ला दिला म्हणजे किल्ल्यातली माणसंसुद्धा दिली का? त्यांना कोणी विचारलं का?" वर्गात हशा पिकला. आम्हीही हसलो आणि म्हणालो, "हे परीक्षेला येत नाही. बैस खाली." मुलगी बसली. त्याच वर्षी उन्हाळ्यात तिच्या थोरल्या बहिणीचे लग्न ठरले. हुंड्याची रक्कम उभी करण्यासाठी तिच्या वडिलांनी घरचे दोन्ही माग विकले, असे पुढे कानी आले. जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा ती मुलगी आली नाही. चौकशी केली तेव्हा कळले की, ती आईबरोबर विड्या वळावयास बसली आहे. आम्ही एकदा घरी जाऊन आलो, चार शब्द बोललो, आणि हजेरीपटावरील तिच्या नावावर रेघ ओढली.

तिचा प्रश्न इतिहासाचा होता, आणि तिच्या घरचाही होता. आम्हांस दोन्ही कळले नाहीत. चांद बावडीच्या पायऱ्यांवर तो प्रश्न जसाच्या तसा आठवला, आणि सौभाग्यवतींस तो सांगताना आमचा आवाज नीट निघेना. त्या काही बोलल्या नाहीत. डबा उघडून त्यांनी भाकरीचा तुकडा हातावर ठेवला, एवढेच.

चांदबिबीचे पुढील चरित्र वाचकांस ठाऊक आहेच. १५८० साली पतीचा खून झाला, तेव्हा तिने नऊ वर्षांच्या इब्राहिमास सांभाळून राज्याचा कारभार पाहिला; कारस्थानी सरदाराने तिला साताऱ्याच्या किल्ल्यात कैदेत टाकले, ते सोसले; पुढे माहेरी जाऊन १५९५-९६ मध्ये मोगलांच्या वेढ्यातून अहमदनगर राखले; आणि १६०० साली स्वकीयांच्याच हातून तिला मरण आले. दोन्ही राज्यांनी जिला तहाच्या कलमासारखी वापरली, तिनेच दोन्ही राज्ये संकटात सांभाळली. आंदणाचा किल्ला कोणाच्याच हाती टिकला नाही; आलेली लेक मात्र दोन्ही घरांस पुरून उरली. यातून जो बोध घ्यावयाचा तो आम्ही निराळा सांगत नाही.

परतताना बालेकिल्ल्यातील गगन महाल पाहिला. त्याची मधली कमान फार भव्य आहे. येथेच सिकंदर आदिलशहास औरंगजेबापुढे रुपेरी बेड्या घालून आणले, असे सांगतात. आम्हांस दिवसभर फिरविणारा रिक्षावाला विजापूरचाच. पण आम्ही सोलापूरचे म्हटल्यावर तो खुलला. "आमची मंडळी सोलापूरचीच की ओ काका," तो म्हणाला. सौभाग्यवतींनी आजीच्या अधिकाराने विचारले, "मग हुंडा किती घेतलास रे?" तो हसून म्हणाला, "काय न्हाई आई. एक पेटी आन चार भांडी आणली तिनं. अजून हैत घरात." त्याच्या वयाची पदवीधर मुले आपल्या मेळाव्यांतून काय काय मागतात, हे आम्ही त्यास सांगितले नाही. सांगण्यास लाज वाटली.

हुंडा प्रतिबंधक कायदा १९६१ साली झाला. त्यानंतर हुंडा हा शब्द आपल्या बैठकांतून नाहीसा झाला खरा. परंतु त्याच्या जागी 'मुलाच्या शिक्षणाचा खर्च', 'तुमच्या मुलीसाठीच सदनिका', 'चारचाकी तुमच्या हौसेने' असे शब्द आले. इतिहासाच्या शिक्षकास नावे बदललेली पुष्कळ ठाऊक असतात. नाव बदलल्याने किल्ला बदलत नाही. बोलणी करावयास बसणाऱ्या वडीलधाऱ्यांनी त्या मुलीचा प्रश्न एकवार स्वतःस विचारावा: देण्याघेण्याच्या यादीबरोबर त्या घरातील आणखी कोण कोण दिले जात आहे? कोणाचा माग, कोणाची शाळा?

आमच्या हातून त्या वेळी उत्तर दिले गेले नाही, ते आज या पृष्ठांवर देत आहोत. होय बाळ, किल्ल्याबरोबर माणसेही दिली गेली आणि त्यांना कोणीही विचारले नाही. तू आज जेथे असशील तेथे ही स्मरणिका तुझ्या घरी पोहोचो, आणि आपल्या गुरुजींस क्षमा कर.

ज्ञातिबांधवांस एवढीच विनंती की, एकदा मुलामुलींस घेऊन विजापुरास अवश्य जावे. सकाळच्या गाडीने जावे, गोल घुमट गर्दीपूर्वी पाहावा, दुपारी तेथील खानावळीत ज्वारीची भाकरी व वांग्याचे येण्णेगायी जेवावे. आपल्या घरच्यासारखेच लागते. इब्राहिम रोजाची जाळी निवांत पाहावी. चांद बावडीवर थोडा वेळ थांबावे. आणि परत आल्यावर त्याच आठवड्यात मुलांना आपल्या भुईकोटात नेऊन हा किल्ला कोणी कोणास दिला होता हे सांगावे. मुलांनी प्रश्न विचारला तर "बैस खाली" मात्र म्हणू नये.